'फोकलोर' म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द इंग्रजीत कसा चालतो?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजीतल्या 'फोकलोर' या शब्दाचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात 'लोकसाहित्य' नाहीतर 'लोककथा' सापडतं, मग हाच शब्द क्रिकेटच्या बातमीत आणि गणिताच्या लेखात काय करत असतो? आणि 'धिस इज अ फोकलोर ऑफ कोकण' असं वाक्य लिहिलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देते. नाही चालणार. 'फोकलोर' हे इंग्रजीत न मोजता येणारं नाम आहे, 'इन्फर्मेशन' किंवा 'फर्निचर'सारखं. एका गोष्टीला 'अ फोकलोर' म्हणत नाहीत आणि चार गोष्टींना 'फोर फोकलोर्स' म्हणत नाहीत. एकच गोष्ट सांगायची असेल तर 'अ फोकटेल' किंवा 'अ लेजंड' लिहा. एखादी समजूत असेल तर 'अ पीस ऑफ फोकलोर' किंवा 'अ बिट ऑफ फोकलोर' लिहा. क्रियापद नेहमी एकवचनी ठेवा. मराठी-इंग्रजी अनुवाद तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि आपल्याकडच्या इंग्रजीत या शब्दाची सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. कारण उघड आहे. आपल्या डोक्यात 'लोककथा' असते, लोककथा मोजता येते, म्हणून तिच्या जागी आलेला इंग्रजी शब्दही आपण मोजायला लागतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. शब्दाआधी विशेषण असेल तर 'अ' चालतो: 'अ रिच फोकलोर हॅज ग्रोन अराउंड द रिव्हर', म्हणजे त्या नदीभोवती समजुती, गाणी, कथा यांचा मोठा साठा तयार झालाय. इथेही 'अ' साठ्यालाच लागतो, साठ्यातल्या एखाद्या गोष्टीला लागत नाही. अभ्यासकांच्या लेखनात क्वचित 'फोकलोर्स' दिसतं, दोन वेगवेगळ्या समाजांचे साठे शेजारी ठेवायचे असतात तेव्हा. आपण त्या वाटेला न गेलेलं बरं.

आता अर्थ. इथे जरा थांबावं लागेल, कारण हा शब्द कोणी, कधी आणि कशासाठी तयार केला ते नक्की माहीत आहे. असं भाग्य फार थोड्या शब्दांना मिळतं.

22 ऑगस्ट 1846 च्या 'अ‍ॅथिनियम' या लंडनच्या साप्ताहिकात एक पत्र छापून आलं. खाली सही होती अँब्रोज मर्टन. हे टोपणनाव. खरे लेखक विल्यम जॉन टॉम्स, जुन्यापुराण्या गोष्टींचे शौकीन संग्राहक, पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सच्या ग्रंथालयाचे उपग्रंथपाल. इंग्लंडात तोवर या विषयाला 'पॉप्युलर अँटिक्विटीज' म्हणत, म्हणजे जनसामान्यांमधले प्राचीन अवशेष. टॉम्सना हे लॅटिन वळणाचं नाव जड वाटत होतं. त्यांनी दोन जुने, अस्सल इंग्रजी शब्द जोडले: 'फोक' म्हणजे लोक, आणि 'लोर' म्हणजे शिकून-ऐकून मिळालेलं ज्ञान. 'लर्न' या क्रियापदाचा 'लोर' हा नातलग. पत्रात त्यांनी हक्काने बजावून ठेवलं आहे की हा शब्द मी आणला, याचं श्रेय मला द्या. प्रेरणा जर्मनीची होती. ग्रिम बंधूंमधल्या याकोब ग्रिम यांनी जर्मन दैवतकथांवर जे काम केलं, तसं इंग्लंडसाठी कुणीतरी करावं अशी त्यांची तळमळ होती.

त्या पत्रात या शब्दाखाली काय काय येतं त्याची यादी आहे. चालीरीती, प्रथा, पाळणुका, अंधश्रद्धा, पोवाड्यांसारखी कथागीतं, म्हणी, वगैरे. यादी पुन्हा वाचून बघा. त्यात 'गोष्टी' नाहीत! ज्या शब्दाचं भाषांतर आपण बिनधास्त 'लोककथा' करतो, त्या शब्दाच्या जन्मदात्याने कथांचा वेगळा उल्लेखही केलेला नाही, त्या 'वगैरे'त गेल्या. नमुना म्हणून त्यांनी दिलं ते यॉर्कशायरमधल्या मुलांच्या एका खेळाचं उदाहरण. मुलं चेरीच्या झाडाभोवती कोकिळेला उद्देशून गाणं म्हणतात, मी किती वर्षं जगणार ते सांग म्हणून विचारतात, मग एकेक जण झाड हलवतो. जितकी चेरी पडतील तितकी त्याची उरलेली वर्षं. गाणं, खेळ, झाड, पक्षी आणि भविष्याची समजूत या सगळ्याचं मिळून 'फोकलोर' होतं. आपल्या भोंडल्याचं तसंच आहे. 'ऐलमा पैलमा गणेश देवा' हे गाणं त्याचा एक भाग झालं. पाटावरचा हत्ती, फेर धरणं, शेवटी खिरापत ओळखायला लावणं हेही तितकंच 'फोकलोर' आहे. नुसती गाणी छापली तर भोंडल्याचं साहित्य हाती येतं, भोंडला बाहेरच राहतो.

(टॉम्स यांच्याबद्दल एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. याच गृहस्थांनी 1873 मध्ये दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिलं, आणि अमका माणूस शंभरी ओलांडून कितीतरी वर्षं जगला, अशा दाव्यांचे कागदपत्र तपासून त्यांतले बरेच उडवून लावले. लोकांच्या समजुतींना नाव देणारा माणूस त्या समजुतींवर विश्वास ठेवणारा होता असं नाही.)

हा अर्थ किती रुंद आहे याचा पुरावा आपल्या घरातच आहे. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव मराठी माणसाला माहीत असतं ते नाशिकचा कलेक्टर म्हणून. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. हा अधिकारी संस्कृतचा जाणकार होता आणि मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करत होता, हे फारसं बोललं जात नाही. त्यासाठी गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावल्यांची उत्तरं मागवली जात. जॅक्सन यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी त्या टिपणांचे दोन खंड काढले, 1914 मध्ये गुजरातचा आणि 1915 मध्ये कोकणचा. नावात शब्द आहे 'फोकलोर'. आत काय आहे? सूर्यचंद्राची पूजा, रोगांच्या देवता, पूर्वजांची भुतं, दृष्ट आणि तिचे उतारे, झाडं आणि नाग यांची पूजा, चेटूक. गोष्टी शोधाव्या लागतात. आता या कोकणच्या खंडाचं शीर्षक 'कोकणच्या लोककथा' असं भाषांतरित केलं, तर लोककथा वाचायला म्हणून पुस्तक उघडणारा वाचक लेखकाला शिव्या घालील, आणि चूक मात्र भाषांतरकाराची असेल.

उलट बाजूचं उदाहरणही इथलंच. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना आपल्या आयाकडून गोष्टी ऐकत गेली आणि 1868 मध्ये त्या लंडनला पुस्तकरूपाने आल्या. भारतातल्या तोंडी गोष्टींचा इंग्रजीतला हा अगदी सुरुवातीचा संग्रह. टॉम्स यांचा शब्द तेव्हा बावीस वर्षांचा होता, तरी मुखपृष्ठावर तो नाही. तिथे 'फेअरी लेजंड्स' म्हटलं आहे. कथांना कथांचंच नाव दिलं, हे त्या काळच्या इंग्रजीला धरून झालं. त्या आयाचं नाव अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. पुस्तकात तिच्या स्वतःच्या आयुष्याची हकिगतही आहे. 'फोकलोर म्हणजे निनावी' असं विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतात, त्याला हे उत्तर आहे. पहिला रचणारा कोण ते माहीत नसतं, हे बहुतेक वेळा खरं. पण सांगणाऱ्याला नाव असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपलेलं आहे, म्हणून तर कोणती ओवी कुठवर फिरली ते कळतं.

मग चालीरीती, गाणी, दृष्ट काढणं, म्हणी, भुतं या सगळ्यांना एका शब्दात बांधतं काय? वय म्हणाल तर तो धागा नव्हे, खरंखोटंही नव्हे. बांधते ती त्यांची वाट: एकाने दुसऱ्याला सांगितलं, दाखवलं, करून घेतलं, आणि प्रत्येक हातात ते किंचित बदललं. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, इतकं पक्कं. पुढे दार वाजल्यावर चिमणी बाळाचं काय काय करत बसते, ते घरोघरी वेगळं. कुणाची अंघोळ घालते, कुणाची तीट लावते, कुणाची आधी गंध लावते आणि मग झोपवते. त्यातलं कुठलं 'मूळ' असा प्रश्नच विचारायचा नसतो. छापील पुस्तकात एका शब्दाचा फरक पडला तर तो मुद्रणदोष ठरतो. तोंडी परंपरेत तो फरक हेच जिवंतपणाचं लक्षण धरतात.

ही वाट ध्यानात आली की क्रिकेटच्या बातमीतलं कोडं सुटतं. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स. झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे 17 धावांत 5 गडी बाद, आणि कपिल देव नाबाद 175. या खेळीबद्दल इंग्रजीत 'इट हॅज पास्ड इन्टु क्रिकेट फोकलोर' असं लिहितात. लिहिणाऱ्याला ती खोटी आहे असं म्हणायचं नसतं. धावफलक आहे, साक्षीदार आहेत. म्हणायचं असतं ते हे की ती आता क्रिकेटवेड्यांच्या तोंडी जगते, ज्यांनी पाहिली नाही तेही पाहिल्यासारखी सांगतात. तिचं चित्रण उपलब्ध नसल्यामुळे तर ती पूर्णच सांगण्यावर उभी आहे. आणि चित्रण का नाही, तर त्या दिवशी बीबीसीचा संप होता, असं जे सांगितलं जातं, तेही त्याच साठ्यात जमा झालेलं आहे. 'पास इन्टु फोकलोर', 'एंटर फोकलोर', 'बिकम पार्ट ऑफ द क्लब्ज फोकलोर' हे सगळे ठरलेले प्रयोग आहेत, जसेच्या तसे उचलावेत. मराठीत त्यांचं 'क्रिकेटच्या लोकसाहित्यात प्रवेश केला' असं करू नका, कृपा करून. 'क्रिकेटच्या दंतकथांत जाऊन बसली', किंवा नुसतं 'आजही सांगितली जाते', बस.

याच अंगाने 'फॅमिली फोकलोर' म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या हकिगती: पणजोबा घर सोडून कसे पळाले, अमुक आत्याने लग्नात काय केलं. 'कंपनी फोकलोर' म्हणजे कचेरीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर कळतं ते सगळं. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅलन डंडीस यांचं म्हणणं होतं की 'फोक' म्हणजे खेड्यातली निरक्षर मंडळी ही समजूत सोडा. निदान एक गोष्ट समान असलेला कोणताही गट 'फोक' होऊ शकतो, मग ते रेल्वे कामगार असोत वा गणितज्ञ. त्यांनी कार्ल पॅग्टर यांच्याबरोबर 1975 मध्ये कचेऱ्यांतून फोटोकॉपी काढून फिरवल्या जाणाऱ्या विनोदी कागदांचा संग्रह काढला. नोटीसबोर्डावरच्या त्या चावट सूचना आणि खोटे अर्ज म्हणजे आजच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डचे आजोबा. व्याख्यांचा घोळ मात्र कधीच मिटला नाही. 1949 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका मोठ्या कोशाने 'फोकलोर'च्या एकवीस व्याख्या एकाखाली एक छापून दिल्या आणि निवड वाचकावर सोडली. 1971 मध्ये डॅन बेन-आमोस या अभ्यासकाने तीन-चार शब्दांत आटोपलं: लहान गटांमधला कलात्म संवाद. मला ही व्याख्या आवडते, पण दृष्ट काढण्याला 'कलात्म' म्हणायचं का, यावर माझ्या मनात अजून खात्री नाही.

गणितात 'फोकलोर' म्हणजे असा निष्कर्ष जो त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे, खरा आहे, पण पहिल्यांदा कुणी छापला ते दाखवता येत नाही. 'द रिझल्ट इज फोकलोर' असं सरळ लिहितात. इथे 'अ' नाही, विशेषणासारखा वापर आहे. गेम थिअरीत तर 'फोक थिअरम' नावाचंच एक प्रमेय आहे. 1950 च्या दशकात ते त्या वर्तुळात सर्वांना ठाऊक होतं आणि कुणीच प्रसिद्ध केलेलं नव्हतं, म्हणून हे नाव. तेव्हा 'फोकलोर' आणि 'खोटं' यांची सांगड घालण्याआधी गणितज्ञांना विचारा.

पण ती सांगड इंग्रजीत आहेच, हेही सांगायला हवं. 'दॅट्स जस्ट फोकलोर' म्हणजे ते नुसतं ऐकीव आहे, पुरावा नाही. डॉक्टर, अभियंते, पत्रकार या अर्थाने शब्द सर्रास वापरतात. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरू नये याला डॉक्टर 'फोकलोर' म्हणतो तेव्हा त्याचा सूर एक असतो, आणि त्याच समजुतीला अभ्यासक 'फोकलोर' म्हणतो तेव्हा दुसरा. पहिला निकाल देतोय, दुसरा नोंद घेतोय. फ्रेंचमध्ये हा तुच्छतेचा सूर आणखी ठळक आहे. तिथे एखाद्या गोष्टीला 'फोकलोर' म्हणणं म्हणजे ती गांभीर्याने घेण्यासारखी नाही असं म्हणणं. इंग्रजीत लिहिताना 'जस्ट', 'मिअर', 'मोअर फोकलोर दॅन फॅक्ट' असे शब्द आसपास असले की निकालाचा अर्थ, 'इन', 'अकॉर्डिंग टु', 'कलेक्टेड' असले की नोंदीचा अर्थ, इतकं ओळखायला पुरतं.

या दोन सुरांमधली फट कधी कधी अपमानापर्यंत जाते. ग्रीकांच्या देवांच्या कथांना इंग्रजीत 'मायथॉलॉजी' म्हणतात आणि आदिवासींच्या सृष्टीनिर्मितीच्या कथांना 'फोकलोर'. का? पहिल्यांच्या मागे ग्रंथ आहेत, एवढंच. पण वाचणाऱ्याला त्यात उतरंड दिसते, आणि ती तिथे असतेही. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते. त्याबद्दल लिहिताना 'वारली फोकलोर' असं म्हटलं की जिवंत श्रद्धा एकदम संग्रहालयाच्या काचेमागे जाते. मी अशा जागी 'बिलीफ', 'रिच्युअल', 'सेक्रेड नॅरेटिव्ह' असे नेमके शब्द वापरते. युनेस्कोनेही हाच पेच अनुभवला असावा. 1989 च्या त्यांच्या शिफारशीच्या नावात 'फोकलोर' होता. 2003 च्या करारात तो गेला आणि त्या जागी 'अमूर्त सांस्कृतिक वारसा' आला. नवा शब्द सरकारी आणि बेचव आहे, पण कुणाला कमी लेखत नाही.

कथांपुरता बोलायचं तर इंग्रजीत तीन शब्द वेगळे ठेवतात आणि अनुवादात ते वेगळे ठेवलेच पाहिजेत. अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी 1965 मध्ये केलेली वाटणी अजून शिकवतात. परशुरामाने समुद्र हटवून कोकण निर्माण केलं ही 'मिथ': अतिप्राचीन काळ, दैवी पात्रं, मानणाऱ्यांसाठी सत्य आणि पवित्र. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून जाणारी हिरकणी ही 'लेजंड': काळ इतिहासातला, जागा दाखवता येते, बुरूज उभा आहे, घडलं असं लोक मानतात. चिमणी-कावळा ही 'फोकटेल': घडलं असं कुणीच मानत नाही, मुलंसुद्धा नाही. तिन्ही 'फोकलोर'च्या पोटात येतात. म्हणून हिरकणीबद्दल 'अकॉर्डिंग टु फोकलोर' लिहिलं तर चूक नाही, पण 'लेजंड' जास्त नेमका. आणि परशुरामाची कथा पुराणातही असल्याने तिला नुसतं 'लोकल फोकलोर' म्हणून टाकणं मला पटत नाही. घाटात रात्री पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते आणि पुढे मागच्या सीटवरून गायब होते, ही 'अर्बन लेजंड'. कसाऱ्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत ही बाई हिंडते. अमेरिकेत 1942 मध्येच तिच्यावर अभ्यासलेख निघाला होता.

आणखी एक सावत्र भावंड आहे. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड डॉर्सन यांनी 1950 मध्ये 'फेक' म्हणजे बनावट हा शब्द जोडून 'फेकलोर' असा शब्द काढला, जाणूनबुजून घडवून परंपरेच्या नावाखाली विकलेल्या मालासाठी. त्यांचा रोख होता पॉल बनियन या राक्षसी लाकूडतोड्याच्या गोष्टींवर, ज्या 1914 पासून एका लाकूड कंपनीने जाहिरातीच्या पुस्तिकांतून पसरवल्या. आपल्याकडच्या 'पारंपरिक' म्हणून चित्रपटात शिरलेल्या बऱ्याच गाण्यांना हा शब्द लागू पडेल, पण ते भांडण इथे नको.

मराठीत काय म्हणायचं? शैक्षणिक लेखनात 'लोकसाहित्य' रूढ झालं आहे. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांच्या कामामुळे त्याला वजनही आहे, आणि अभ्यासक्रमाचं नाव म्हणून ते बदलायची गरज नाही. मात्र त्यातल्या 'साहित्या'मुळे रांगोळी, खेळ, उतारे, औषधं बाहेर राहिल्यासारखी वाटतात. म्हणून काही अभ्यासक 'लोकविद्या' म्हणतात. 'लोर'चा शिकण्याशी असलेला संबंध त्यात सुरेख उतरतो, पण सामान्य वाचकाला त्यातून कारागिरांचं कसब आठवतं. माझा नेम असा की विषयाचं नाव असेल तर लोकसाहित्य, गावाच्या संदर्भात सगळा पसारा असेल तर लोकपरंपरा, 'अकॉर्डिंग टु फोकलोर' असेल तर 'अशी आख्यायिका आहे' किंवा त्याहून बरं 'लोक सांगतात', आणि 'जस्ट फोकलोर' असेल तर 'ऐकीव गोष्ट'. एकाच लेखात हे चारही आले तरी बिघडत नाही. इंग्रजी शब्दाला मराठीत एकच जोडीदार हवा हा हट्ट परीक्षेपुरता ठीक.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, व्रताच्या कहाणीला 'फोकलोर' म्हणण्याची घाई करू नका. 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' असं म्हणून संपणारी आदित्यराणूबाईची कहाणी व्रताचा भाग म्हणून वाचली जाते. तिला 'रिच्युअल टेल' म्हटलं की वाचकाला तिचं काम कळतं. म्हणीला 'प्रॉव्हर्ब', कोड्याला 'रिडल', ओवीला शक्यतो ओवीच. नेमका शब्द असताना सगळ्यांवर 'फोकलोर'ची चादर टाकू नये.

कुटुंबातले बाकीचे शब्द भराभर. 'फोकलोरिस्ट' म्हणजे अभ्यासक. वासुदेव, गोंधळी, शाहीर हे 'फोकलोरिस्ट' नव्हेत. ते 'फोक परफॉर्मर' किंवा 'फोक आर्टिस्ट'. आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांत ही चूक नेहमी दिसते. 'फोकलोरिक' हे विशेषण साठ्याला लावतात, 'फोकलोरिस्टिक' अभ्यासाला. लोकनायक 'फोक हीरो', 'फोकलोर हीरो' नव्हे. 'फोक स्टोरी' भारतीय इंग्रजीत चालतं, बाहेर 'फोकटेल' जास्त. 'फोक एटिमॉलॉजी' म्हणजे ओळखीच्या शब्दाच्या धाटणीवर अनोळखी शब्द वळवून घेणं. 'क्रेफिश' मधला 'फिश' असाच आला. मूळ फ्रेंच शब्दाचा माशाशी संबंध नव्हता. नुसता 'लोर' सध्या तरुणांत जोरात आहे: व्हिडिओ गेममधल्या काल्पनिक जगाचा पूर्वेतिहास म्हणजे त्या गेमचा 'लोर', आणि त्यावरून मित्राच्या आयुष्यातल्या जुन्या भानगडींनाही गमतीने 'लोर' म्हणू लागले आहेत. औपचारिक लेखनात तो अर्थ अजून नको.

टॉम्स यांनी शब्द मधे आडवी रेघ देऊन, दोन्ही भागांना मोठी अक्षरं देऊन लिहिला होता. लंडनमध्ये 1878 साली स्थापन झालेल्या 'फोक-लोर सोसायटी' या अभ्यासकांच्या संस्थेच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांवरही ती रेघ आहे. आता ती गेली. शब्द एकत्र लिहायचा आणि वाक्याच्या मध्ये पहिलं अक्षर लहान ठेवायचं. उच्चार करताना 'फोक'मधला 'ल' मुका आहे, 'फोल्क' म्हणू नका. 'लोर'मधला 'ल' मात्र स्पष्ट. जोर पहिल्या भागावर, म्हणजे 'फोक'वर. ब्रिटिश उच्चारात शेवटचा 'र' ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो, आणि आपण मराठी माणसं तो उच्चारतोच. त्याने काही बिघडत नाही.